स्टुलाएवढी जागा

पार्टीची अट एकच होती:
खोली वाढणार नाही.
दार अडीच फुटांचं, त्याआधी एअरलॉक,
आणि आत, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या पडद्यासमोर
जेवढ्या जागेत सुलभा बोरस्ते यांचं स्टूल आहे
तेवढ्यात तुमचं मशीन बसवा.

मी टेप लावला.
साठ बाय पंच्याहत्तर सेंटिमीटर.
टाचा टेकून टेकून फरशीची चकाकी गेलेले दोन ठिपके
त्या मापाच्या आतच आले.

अंबडच्या गाळ्यात, पत्र्याखाली, आम्ही तिघं:
मी, वायरिंगचा जुबेर,
आणि लेथवर खंडू पेखळे,
जो बोलतो ऐसपैस, कापतो मात्र मायक्रॉनात.
कॅमेरा उभा मावेना, आडवा केला,
आरसा लावून त्याची नजर काटकोनात वळवली.
जागेसाठी पंखा काढला. मशीन तापलं.
पंखा परत लावला. मशीन थरथरलं
केसभर.
आणि आम्ही शोधत होतो तो केसच.

तत्त्व साधं आहे.
कुपी गरागरा फिरवायची, एकदम थांबवायची.
काच थांबते, आतलं औषध थांबत नाही.
काचेबरोबर थांबला तो ओरखडा, त्याला माफी.
औषधाबरोबर फिरत राहिलं
ते उद्या कुणाच्या तरी शिरेत फिरणार होतं.

पहिल्या चाचणीत मशीनने
शंभरातल्या एकतीस कुप्या फेकल्या.
त्याच शंभरातून बोरस्तेबाईंनी काढल्या होत्या चार.

त्या आल्या शनिवारी, सुटीच्या दिवशी,
गरवारे पॉइंटपासून चालत.
चष्मा पुसला. एक कुपी मानेला धरून उचलली,
आणि सुपातले तांदूळ उतरते धरावेत
तसं मनगट कललं.
"एवढं नका हो हिसकावू.
तुमचं मशीन स्वतःच फेस काढतंय
आणि फेसालाच चोर म्हणतंय.
थांबा जरा.
वर गेला तो बुडबुडा.
खाली बसली ती काच.
आणि हा मध्येच रेंगाळतोय ना,
हा धागा. आमच्यातल्याच कुणाच्या टोपीचा."

थांबायचं किती?

"हे कुणी विचारलं नव्हतं एकोणीस वर्षांत."
त्यांनी डोळे मिटले, टेबलावर बोट टेकवलं,
उचललं, पुन्हा टेकवलं.
जुबेरच्या स्टॉपवॉचवर एक पूर्णांक चार.
पुन्हा करून दाखवा म्हटलं.
एक पूर्णांक चार.

प्रोग्रॅममध्ये अशा आकड्याला नाव द्यावं लागतं.
मी टाइप केलं: बोरस्ते.
एकतिसाचे पाच झाले.
तपासणीला आलेल्या साहेबाने ओळीवर बोट ठेवलं,
हे कुठलं स्टँडर्ड?
जुबेर म्हणाला, नाशिकचं.

दारातून नेताना एका कडेचा रंग खरवडला,
बाकी मशीन मापात बसलं.
स्टूल पॅसेजमध्ये आलं, त्यावर कुणीतरी
हातमोज्यांचा खोका ठेवला.
बाई आता मशीनला शंका आलेल्या कुप्या तेवढ्या पाहतात,
दिवसाकाठी दोन तास.
बाकीचा वेळ पॅकिंगला.
पगार तोच आहे म्हणे.
मी म्हणे वर थांबलो, पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला गेलो.
कँटीनमध्ये कुणाच्या तरी दिंडोरीच्या मळ्यातलं क्रेट आलेलं,
सगळे मूठमूठ द्राक्षं उचलत होते.
बाई खिडकीशी उभ्या.
एक मणी देठाला धरून उन्हात नेला,
पांडवलेणीच्या डोंगराच्या काळ्या बाजूवर धरला,
मग आभाळावर.
फिरवला. थांबवला.
मी मनात मोजत होतो.

तो त्यांनी खाल्ला नाही, बशीच्या कडेला ठेवला.
मी वाकून पाहिलं,
चष्मा काढून पाहिलं.
मला त्यात काही दिसलं नाही.